डोळ्याचं मशीन आणि माझी माय

माझ्या मायची आणि एका मशीनची शर्यत लागली होती, आणि मी मशीनच्या बाजूनं होते. कुणी विचारलं तर मी अजूनही सांगते की मी नोकरीला होते, बाजूला वगैरे काही नव्हते. पण मायच्या हातात सूप आणि माझ्या हातात मशीनचं बटण, हे सगळ्या मिलनं बघितलेलं आहे. त्यामुळं माझं कुणी ऐकत नाही.

मिल म्हणजे तुरीच्या डाळीची मिल, परभणीच्या एमआयडीसीत. मी मांडीवर होते तेव्हापासून माय तिथं डाळ निवडायची. पत्र्याच्या शेडखाली लांब ओटा, त्यावर वीस बाया, पुढ्यात डाळीचे ढीग. खडे, टरफलाचे तुकडे, जळके काळे दाणे वेचायचे आणि बाजूला टाकायचे, दिवसभर. त्याच ओट्याखाली बसून मी बाराखडी गिरवली आणि पुढं फिजिक्समध्ये बीएस्सी झाले. प्रकाशाचा पेपर माझा सगळ्यात चांगला गेला होता. भिंग, लोलक, परावर्तन, सगळं तोंडपाठ. याचा उपयोग काय, असं भावकीतली माणसं विचारायची आणि मला लय राग यायचा, कारण मलाही माहीत नव्हतं. मी मिलच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होते.

मग मशीन आलं. कागदावर त्याचं नाव कलर सॉर्टर, पण बाया पहिल्या दिवसापासून त्याला डोळ्याचं मशीन म्हणायल्या, आणि ते नाव जास्त बरोबर होतं. वरून डाळ पातळ धारेनं खाली घसरते. मध्ये एका काचेमागं कॅमेरे असतात, बाजूनं कडक उजेड. धारेतला दाणा दाणा कॅमेरा बघतो. काळा किंवा डागी दाणा दिसला की खालची बारीक हवेची पिचकारी फट्ट करून तेवढाच दाणा बाजूला उडवते. चांगली डाळ सरळ खाली जाते. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं शेठच्या हातात इंग्रजी पुस्तक दिलं. शेठनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि मला गेटवरून बोलावून घेतलं. माझ्या प्रकाशाच्या पेपरचा उपयोग असा झाला.

इंजिनिअरनं दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, काचेला कुणीही बोट लावायचं नाही, ती मऊ कोरड्या फडक्यानंच पुसायची. दुसरी, आत एक पांढरी पट्टी आहे, तिला तर अजिबात हात लावायचा नाही. मशीन रोज सकाळी सुरू झालं की आधी त्या पट्टीकडं बघतं आणि पांढरं म्हणजे काय ते ठरवतं. त्यावरून मग पिवळं काय, काळं काय ते त्याला कळतं. "पट्टी घाण झाली तर याला जगच कळणार नाही," असं तो म्हणाला होता. शेठनी ते वाक्य पाठ केलं आणि आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली.

वीस बायांच्या चार झाल्या. मशीनमधून आलेली डाळ शेवटची नजरेखालून घालायला ठेवलेल्या. माय त्या चारांत होती, सगळ्यात जुनी म्हणून. घरी आम्ही दोघीच. पेडगावहून एकाच ऑटोनं यायचो, एकाच ऑटोनं जायचो, आणि वाटेत ती माझ्याशी बोलायची नाही. भाकरी थापताना मात्र विचारायची, "आज किती खाल्लं तुझ्या मशीननं?" जसं काही मी ते पोटात वाढवून आणलं होतं.

दसऱ्याच्या आठवड्यात शेठनी सांगून टाकलं की सणानंतर ओटाच बंद. मशीनच इतकं साफ काढतंय तर वरून नजर कशाला. बाकीच्या तिघी मुकाट्यानं ऐकून घेत होत्या. माय उठली, लुगड्याची डाळ झटकली आणि म्हणाली, "शेठ, मला न्हाई पटत. माज्यापेक्षा त्याला चांगलं दिसतं, हे कुणी बघितलंय?"

"मावशी, ते एका तासात ट्रक भरतंय."

"भरू द्या. मी काय ट्रक म्हणाले का? साफ कोण काढतं ते बघा. दहा किलो त्याला द्या, दहा किलो मला. त्याची डाळ साफ निघाली तर मी माज्या पायानं घरी जाते. माजी निघाली तर आमी चौघी हितंच बसणार."

शेठ माणूस वाईट नाही, पण त्यांना गंमत लागते. मिलमध्ये दुसरी गंमत कुठली यायला. त्यांनी तिथल्या तिथं नियम ठरवले, शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तपासणार कोण, यावर जरा अडलं. मग त्यांनीच तोड काढली: दोघांचे पेपर एकमेकांनी तपासायचे. मशीनची डाळ माय तपासणार, मायची डाळ मशीन तपासणार. मी म्हणाले, "शेठ, हे कुठल्या शाळेत असतं?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही मशीन चालवा." चिडले की ते मला मॅडम म्हणतात.

त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला बोलू. मशीनची नजर किती तीक्ष्ण ठेवायची याच्या पायऱ्या असतात. ती मी दोन पायऱ्या उतरवली असती तर निम्मे काळे दाणे सुटले असते, माय जिंकली असती, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी सकाळपर्यंत ठरवत होते आणि काही ठरलं नाही.

दसऱ्याला आम्ही कामावर जात नाही. आमच्याकडं तो धम्मचक्राचा दिवस. पांढरं लुगडं, पांढरा ड्रेस, विहारात वंदना, दुपारी सगळ्या वस्तीची एकत्र खीर. शेठला हे वर्षानुवर्षं माहीत आहे, ते सुट्टी देतात. आणि बाकीची मिल त्या दिवशी मशीनची पूजा करते. म्हणजे मशीन जिला कळतं ती एकटी बाई गावात खीर वाढत होती, आणि मशीनपाशी मालकीणबाई तबक घेऊन उभ्या होत्या.

मालकीणबाई मनानं लय चांगल्या. पोखर्णीच्या नरसिंहावर त्यांची भारी श्रद्धा, आणि काही करायचं तर हयगय नाही. त्यांनी जात्याला, पट्ट्याच्या मोटारीला, वजनकाट्याला हळदकुंकू लावलं. डोळ्याच्या मशीनपाशी आल्यावर वॉचमनला विचारलं, याचे डोळे कुठं आहेत. त्यानं दार उघडून दाखवले. मग त्यांनी प्रत्येक डोळ्यापुढच्या काचेवर ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू टेकवलं. मागं पांढरी स्वच्छ पट्टी दिसली, इतकी कोरी जागा मिलमध्ये दुसरी नव्हतीच, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वर झेंडूचा जाड हार घातला. नंतर मी विचारलं तेव्हा त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना नजर लागते. याच्याकडं तर नुसती नजरच आहे. मग आधी नजरेचीच पूजा नको का?" याचं उत्तर मी अजून शोधतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मिल जमली होती. हमाल पोत्यांवर बसलेले, शेठ खुर्चीवर, मालकीणबाई मुद्दाम आलेल्या. मायच्या पुढ्यात दहा किलो डाळ, माझ्या मशीनच्या तोंडात दहा किलो. मी हार काढून बाजूला ठेवला. दार उघडून आत बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण मी उलट हेच घोकत होते की सेटिंगला हात लावायचा नाही, लावायचा नाही. बटण दाबलं. मशीननं रोजच्यासारखं आधी पट्टीकडं बघितलं आणि पांढरं म्हणजे काय ते ठरवलं. मग काच पुसायचा त्याचा छोटा वायपर आपला आपण फिरला आणि पोळीला तूप लावावं तशी हळद काचभर सारखी करून आला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त डाळ सुटलेली दिसली.

काय झालं ते कसं सांगू. निम्म्या पिचकाऱ्या एकदम सुटल्या आणि थांबेचनात. चांगली, पिवळीधमक, निवडक डाळ धाडधाड कचऱ्यात उडायली. उरलेल्या निम्म्या गप्प. त्यांच्यासमोरून काळे दाणे, टरफलं, एक बारका खडा, सगळे मानानं पास होऊन चांगल्या डाळीत पडले. त्यात हाराच्या पाकळ्या वरच्या तोंडात गळालेल्या. त्याही पिवळ्या, त्यामुळं त्याही पास. हमाल हसून हसून पोत्यावर आडवे झाले.

शेठनी इंजिनिअरला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. हमालांच्या हसण्यात आमचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"पिवळं."

"मॅडम, डाळ पिवळीच असते."

"डाळ बंद केलीय मी. रिकाम्यात पिवळं दिसतंय."

त्यानं मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पांढरी पट्टी कशी दिसतेय?"

"त्यावर स्वस्तिक दिसतंय."

"हे कुठलं एरर आहे? पुस्तकात आहे का?" असं त्यानं विचारलं आणि लाईन कटली.

शेठ माझ्याकडं बघत होते. त्यांचं हसू संपलं होतं. "तूच काहीतरी केलंस," ते हळू म्हणाले. "माय आहे, समजू शकतो. पण सांगायचं होतंस." माझा असा संताप झाला म्हणून सांगू. रात्रभर इमान राखून जागले ते याच्यासाठी का. मी मशीनचं दार उघडलं. मशीनमागं मी एकटीच होते. आत काचेवर पिवळा थर, त्यात कुंकवाचे लाल फराटे, पट्टीवर स्वस्तिक. मला सगळं एका क्षणात कळलं. खिशात कोरडं फडकं होतं. पाच मिनिटांचं काम. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "बघते मी. आधी मायला तपासू द्या."

का असं केलं, तर मशीन आंधळं राहिलं की माय जिंकत होती. आणि मी तर काहीच केलं नव्हतं.

मायची दहा किलो निवडून होईपर्यंत सगळे थांबले. मशीनची डाळ तिच्यापुढं ओतली. तिनं मूठ भरली, बोटांतून सोडली, आणि लगेच एक पाकळी काढून नाकाशी नेली. "झेंडू," ती म्हणाली. "शेठ, वरणात झेंडू घालता का?" सगळे पुन्हा हसले. तिनं पाकळ्या काढल्या, खडा काढला, टरफलं काढली. मी जवळच उभी होते. मग मला दिसलं की तिच्या अंगठ्याखालून एक काळा दाणा गेला. मग दुसरा. मग दोन एकदम. ती त्यांच्यावरून हात फिरवत होती आणि पुढं जात होती. ती मान वर करून, समोर पत्र्याकडं तोंड करून निवडत होती. खडा बोटाला लागतो, टरफल लागतं, पाकळीला वास येतो. काळा दाणा मात्र हाताला चांगल्या दाण्यासारखाच लागतो. तो फक्त दिसतो.

बाकीच्या तिघींकडं बघितलं तर त्यांनी माना खाली घातल्या. मग मला एकेक आठवायला लागलं. सुईत दोरा वर्षभर मीच ओवत होते. ऑटो आली की ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची, आणि मला वाटायचं राग उतरला. वाटेत बोलायची नाही ते रागानं नव्हे, वळणं मोजत असायची. कॅमेऱ्याच्या काचेवरचा थर मला लगेच कळला होता. रोज शेजारी बसणाऱ्या बाईच्या डोळ्यातला कळला नाही. मला माझीच शरम वाटली, आणि अजून वाटते.

"मावशी जिंकल्या," शेठ म्हणाले. "मशीन बिघडलंय, ते काय पेपर तपासणार. ओटा राहील, जा."

तिघींपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात मायनं मला विचारलं, "बाई, पन त्याला झालंय काय?"

"काही न्हाई माय."

"तू मागं जाऊन बघितलंस. दाराचा आवाज आला मला. काय झालंय?"

मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. बोलले तरी पचत नाही. "हळद लागलीय त्याच्या काचंला. पूजेची. त्याला दिसंना गेलंय."

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. शेठनी मालकीणबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खुर्चीतच जरा सरकून बसले.

"मग पुस की," माय म्हणाली.

"राहू दे ना माय. शेठ हो म्हणालेत."

"पुस म्हणते ना. आंधळ्याला हरवून काय करू मी?"

हे वाक्य ती सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलली. त्या तिघी आणि मी, आम्हा चौघींनाच ते कसं लागलं ते ठाऊक. मी आत गेले. काच पुसली, पट्टी पुसली, पुन्हा पुसली. जितका वेळ लावता येईल तितका लावला. मशीन सुरू केलं. त्यानं पट्टीकडं बघून पांढरं म्हणजे काय ते नव्यानं ठरवलं. मग मायची दहा किलो डाळ वरच्या तोंडात ओतली.

फट्ट.

मग जरा वेळ काही नाही. मग फट्ट, फट्ट. माय मशीनजवळ येऊन उभी राहिली, कान देऊन. तिला दिसत नव्हतं पण प्रत्येक पिचकारी ऐकू येत होती, आणि प्रत्येक पिचकारी म्हणजे तिच्या हातून सुटलेला दाणा. हमाल पोत्यांवरून उतरून जवळ आले होते. फट्ट. दहा किलो डाळ जायला एरवी जांभई द्यायलाही वेळ मिळत नाही. त्या दिवशी ती संपतच नव्हती. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती. थांबलं तेव्हा तिनं माझा दंड धरला.

"हे समदे माजे?"

"हो."

ती शेठकडं वळली. शेठ होते त्याच्या जरा डावीकडं बघत म्हणाली, "हरले मी शेठ. जाते. पन ह्या तिघींस्नी धरू नका त्यात. ह्यांनी दोन पावसाळे माजं बी निवडलंय, सोताचं सोडून. ह्यांची नजर चांगली हाय."

शेठ खुर्चीतून उठले. मग त्यांनी चहा सांगितला. तिघींना ठेवलं त्यांनी. कारण काय दिलं, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा हळद लागली तर कुणीतरी हाताशी असावं. मालकीणबाईंना पूजा करू नको म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. मायला थांबा म्हणावं असं त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. पण ती तेव्हा दाराकडं निघाली होती, भिंतीला हात लावत, आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून सावकाश.

डोळ्यांच्या शिबिरात तिचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, जुनं भिंग काढून नवं बसवलंय. मी तिला घरी नीट समजावून सांगितलं, प्रकाश कसा आत जातो, भिंग काय करतं, पडद्यावर चित्र कसं पडतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा प्रकाशाचा पेपर एवढा मन लावून ऐकत होतं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आन त्याला वायपर हाय का?"

"पापणी हाय की."

"मग हळद न्हाई लागू द्यायची," ती म्हणाली आणि काळा चष्मा नीट केला.

महिन्यानं मी मिलमधून घरासाठी पाच किलो डाळ आणली. मी हातपाय धुऊन येईपर्यंत माय सूप घेऊन दारात उजेडाला बसलेली. मी म्हणाले, "माय, मशीनची डाळ हाय ती. निवडायची गरज न्हाई."

"बस तू."

मी बसले. मान खाली घालून निवडत होती, पूर्वीसारखी. माझी भाजी चिरून झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी हिचं चाललेलंच. शेवटी उठली आणि माझ्या तळहातावर चार काळे दाणे ठेवले. "हे तुज्या मशीननं पास केलेले," ती म्हणाली. मी म्हणाले, एवढं चालतं माय, सगळ्याच मशीनला तेवढी सूट असते, पुस्तकात लिहिलंय. तिनं वरण टाकलं आणि दाणे बशीत झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी ते दाणे घेऊन मिलमध्ये गेले आणि मशीनची नजर एक पायरी वाढवली. पिचकाऱ्या जास्त वाजायला लागल्या तसे शेठ आतून आले.

"कुणी सांगितलं वाढवायला? इंजिनिअरनं?"

"न्हाई. मायनं."

मी दाणे दाखवले. शेठनी ते हातावर घेऊन उजेडात धरले, फिरवून बघितले आणि मला परत दिले. "मग राहू द्या तसंच," ते म्हणाले.